सोलमे गावाचं मत

जिन यनशिलला कुणी विचारलं, की आजचं मासळीचं कालवण कसं झालंय, तर ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "तुम्हाला कसं वाटलं?" शेजारणी यावरून तिची चेष्टा करतात. पण तो तिचा स्वभाव नाही, धंद्याने लावलेली सवय आहे. उइसंगच्या बाजारगावात ती राहते आणि आसपासच्या खेड्यांत दारोदार फिरून लोकांची मतं गोळा करते. लग्न करायलाच हवं का, म्हातारपणी आईबापांना कुणी सांभाळावं, परदेशी सून चालेल का, असे सरकारला आणि प्राध्यापकांना पडलेले प्रश्न ती लसणाच्या ढिगाशेजारी उकिडवी बसून शेतकऱ्यांना विचारते.

या कामाला लागली तेव्हा मुलगा शाळेत होता आणि नवरा पशुखाद्याचा ट्रक चालवायचा. देगू शहरातल्या कचेरीत शिकवणीला बोलावलं होतं. शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच तासाला बजावलं, "प्रश्न वाचताना आवाजात मत नको, डोळ्यांत नको, भुवईतसुद्धा नको." बाकीच्या बायका हसल्या. यनशिलने मात्र ते इतकं मनावर घेतलं, की घरी येऊन आरशासमोर भुवया जागच्या जागी ठेवायचा सराव केला. पुढे नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या घरात मत असेल तर ते मांजरीला." नवरा गेला, मुलगा नोकरीला सेऊलला गेला, मांजरही म्हातारी होऊन गेली. सवय तेवढी राहिली.

एवढ्या वर्षांत तिने काय काय ऐकलं म्हणता. एका सफरचंदवाल्याला विचारलं, घरकाम नवराबायकोने निम्मंनिम्मं करावं का? तो म्हणाला, अगदी बरोबर, त्यात विचारायचं काय, आणि लगेच आत तोंड करून ओरडला, "अगं, पाहुणीला पाणी दे की, आणि मलाही." यनशिलने 'अगदी बरोबर'वर बोट ठेवलं आणि निमूट पाणी प्यायली. दुसरे एक म्हातारबाबा. परदेशी सून घरात चालणार नाही म्हणजे नाही, असं निक्षून सांगत होते, आणि सांगता सांगता मांडीवरच्या नातवाला नासपतीच्या फोडी भरवत होते. नातवाची आई व्हिएतनामची. ती मागच्या अंगणात मिरच्या पसरत होती. 'मग ही कोण?' असं विचारायची यनशिलला मुभा नव्हती, पण त्या दिवशी भुवई थोडी हलली असावी. म्हातारबाबा फणकारले, "ती परदेशी कुठली? ती आमच्या पोराची आई आहे."

उत्तर अर्थात 'चालणार नाही' असंच नोंदलं गेलं. माणूस जगाबद्दल एक बोलतो, स्वतःच्या अंगणात दुसरंच करतो, आणि पुष्कळदा अंगणातलं जास्त बरं असतं, हे यनशिलला केव्हाच कळून चुकलं होतं. पण ते तिने कचेरीत कुणाला सांगितलं नाही, कारण तेही एक मतच झालं असतं.

अशी ही बाई साठी ओलांडल्यावर एका प्रश्नापाशी अडकली. प्रश्न तिलाच विचारला गेला होता आणि विचारणाऱ्याचं नाव प्यो देसिक.

देसिक सोलमे गावचा. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे, तिथे तो नांगरयंत्रं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. गेल्या वर्षी लसूण लावणीच्या दिवसांत यनशिलची छोटी गाडी नेमकी त्या शेडच्या पुढ्यात बंद पडली. देसिकने झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि विचारलं, "बाईसाहेब, हिला शेवटचं तेल कधी पाजलं होतं?" यनशिल सवयीने म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" तो इतका हसला की हातातला पाना खाली पडला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि इतकं हसायला त्यालाही मधे निमित्त मिळालं नव्हतं. दुरुस्तीच्या बदल्यात त्याने बाजारच्या दिवशी शेवया खायला घाला म्हणून सांगितलं. तिने घातल्या. पुढच्या बाजारी त्याने घातल्या. मग दर बाजारी बस थांब्यामागच्या शेवयांच्या दुकानात दोघं जाऊ लागली. यनशिल कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसायची. भिंतीकडे तोंड केलं की आपण कुणाला दिसत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

भाद्रपदाच्या सुमाराला, चुसकचा, म्हणजे सुगीचा सण जवळ आला तेव्हा देसिकने वाडग्यातला रस्सा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाईसाहेब, सणाला माझी मुलं घरी येतील. त्यांना सांगायचं म्हणतोय. तुम्ही माझ्याकडे राहायला याल का? लग्न म्हणा, सोबत म्हणा, तुम्हाला जे नाव बरं वाटेल ते."

यनशिलला ठसका लागला. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"तुमचं गाव. तुम्ही दिवसभर शेडमध्ये असणार आणि मी त्या बायकांच्या तोंडी असणार. म्हातारी नवरा करून आली म्हणतील. मला तिथे राहायचंय, दोन दिवसांची पाहुणी नाही मी."

"बरं, गाव राहू दे. तुमचं स्वतःचं मत काय?"

"सांगता येत नाही."

"हा पर्याय असतो ना तुमच्याकडे?"

"असतो. पण तो आम्ही वाचून दाखवत नाही. माणूस आपणहून म्हणाला तरच लिहितो."

"मग मी अजून लिहीत नाही," देसिक म्हणाला. "सणाआधी नक्की सांगा म्हणजे झालं."

खरं सांगायचं तर होकार तिच्या जिभेच्या टोकावर होता. एकटीपुरता भात शिजवायचा तिला कंटाळा आला होता, देसिकच्या हसण्याची सवय लागली होती, आणि बाजाराचा दिवस संपला की पुढचा बाजार लांब वाटायचा. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, माझी काहीच हरकत नाही गं. फक्त मामाच्या कानावर एकदम घालू नकोस, त्याला नाही पटायचं." आता हा मामा म्हणजे यनशिलचा भाऊ. तो बहिणीला गेली कितीतरी वर्षं सांगत होता की एकटी राहू नकोस, फक्त पोराला काय वाटेल ते बघ. हे सगळं माहीत असूनही यनशिलच्या डोळ्यांपुढून ते गाव हलेना. पोर आणि भाऊ लांब राहणारे. गाव तर सकाळी दार उघडलं की समोर असणार.

त्याच आठवड्यात कचेरीतल्या टीमलीडर मिनचा फोन आला. मिन पस्तिशीतली, कायम घाईत. "यनशिल काकू, जिल्ह्याची पाहणी आहे, कुटुंब आणि म्हातारपण. तुमच्या वाट्याला सोलमे आलंय."

यनशिलने फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुसरं गाव नाही का मिळणार?"

"यंत्राने चिठ्ठ्या टाकून निवडलंय, बदलता नाही येत. का हो, कुत्री फार आहेत का तिथे?"

"नाही, नाही. जाते मी."

टॅबवर आलेले प्रश्न तिने घरी वाचून पाहिले. सातवा प्रश्न होता, जोडीदार गेलेल्या माणसाने साठीनंतर पुन्हा जोडीदार करणं योग्य आहे का. आणि त्याला जोडून, तुमच्या गावातल्या बहुतेकांना काय वाटतं असं तुम्हाला वाटतं. यनशिलने टॅब उपडा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. सोलमेत तिला कुणी ओळखत नव्हतं. शेडच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. म्हणजे गावाला काय वाटतं हे गावाच्याच तोंडून ऐकता येईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. यात थोडी लबाडी आहे हे तिला कळत होतं. तरी ती गेली.

देसिक त्या सकाळी कुणाच्या तरी शेतात यंत्र बघायला गेला होता. तेवढं बरं झालं. सोलमेच्या रस्त्याकडेला दोन्ही बाजूंनी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या मधून गाडी नेताना यनशिलला सारख्या शिंका येत होत्या. गावाच्या दोन आळ्या. वरची आळी टेकाडावर, तिथे सरपंच आणि थोरली घरं. खालची आळी चावडीभोवती. तिने वरून सुरुवात केली.

सरपंच ओसरीवर बसले होते. बाकीचे प्रश्न त्यांनी भाषणं करून उडवले. सातवा आला तसा त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या मते अगदी योग्य. लिहा, एक नंबर. माणसाने एकटं का राहावं? आता आमच्याच गावात बघा, प्यो देसिक. यंत्रं दुरुस्त करतो. दारू बेताची. घर कोरडं. मागच्या वर्षीच घराच्या जमिनीखालचे गरम पाण्याचे नळ नवीन टाकून घेतलेत, हिवाळ्यात पाय कसे ऊबदार राहतात."

"बरं. आणि गावातल्या बहुतेकांना काय वाटतं असं तुम्हाला वाटतं?"

"त्याचं नाव काढू नका," सरपंच म्हणाले. "आमच्या वरच्या आळीचं काही नाही हो. पण त्या चावडीतल्या म्हाताऱ्या! सोलून ठेवतील. त्यांच्या भीतीनेच कुणी बोलत नाही."

शेजारच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. सगळ्यांचा एक नंबर, सगळ्यांना चावडीतल्या म्हाताऱ्यांची धास्ती. आणि का कोण जाणे, प्रत्येकाला उदाहरण म्हणून देसिकच आठवत होता. एकाने त्याचे दात सगळे स्वतःचे आहेत हेसुद्धा सांगून टाकलं. यनशिलचे कान गरम झाले, पण भुवया जागच्या हलल्या नाहीत.

मग ती चावडीकडे वळली. आत पंखा फिरत होता, दूरदर्शन चालू होतं आणि म्हाताऱ्या जाजमावर फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत बसल्या होत्या. सोलमेत सासरी आलेल्या बाईला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. ज्या गावाहून ती आली, त्या गावापुढे 'देक' लावतात आणि ती हाक जन्मभर चालते. आन्दोंगहून आलेली आन्दोंग-देक, छंगसोंगची छंगसोंग-देक. स्वतःचं नाव फक्त सरकारी यादीत सापडतं. त्यामुळे यनशिलने टॅब बघून "शिम ओक्पुन कोण?" विचारलं, तर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी सगळ्यांत म्हातारी आन्दोंग-देक हात वर करून म्हणाली, "थांबा, ते मीच असेन."

"आजी, एकेकीला बाजूला घेऊन विचारायचंय. घरी जाऊ या का?"

"घरी कुणी कुत्रंसुद्धा नाही. इथेच विचार, आम्ही सगळ्या मिळून सांगतो."

"तसं नाही चालत."

"न चालायला काय झालं?" छंगसोंग-देक म्हणाली. ती अंगाने गोल आणि पत्त्यांत लबाड. "मतदानाला पण आम्ही विचारूनच जातो. आन्दोंग-देक सांगेल तेच माझं लिही."

तेवढ्यात येछन-देकने चष्मा वर करून टॅबमध्ये डोकावलं आणि मोठ्याने वाचलं, "साठीनंतर पुन्हा जोडीदार..." आणि चावडी एकदम गप्प झाली. आतापर्यंत कल्ला करणाऱ्या बायका पत्त्यांकडे बघू लागल्या. आन्दोंग-देक खाकरली आणि म्हणाली, "दूरदर्शन बारीक करा गं." ते बारीक केल्यावर तर शांतता आणखीच मोठी झाली.

यनशिलला वाटलं, संपलं. वरची आळी म्हणत होती ते खोटं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, हे गप्प बसणं फार वाईट. तिने मनातल्या मनात देसिकला नकार कळवायची वाक्यं जुळवायला घेतली. पण हातातलं काम पुरं करायला हवं होतं, म्हणून एकेकीला तिने मागच्या कोठीत नेलं. तिथे भाताची पोती आणि किमचीची, म्हणजे आंबवलेल्या भाजीची पिंपं, बसायला उलटी ठेवलेली बादली.

छंगसोंग-देक बादलीवर बसली आणि दार लोटून घेत कुजबुजली, "एक नंबर. अगं, चांगलंच आहे की. माझा नवरा जिवंत आहे म्हणून, नाहीतर मीही केला असता."

"आणि गावातल्या बहुतेकांना?"

"आम्हा खालच्या बायकांचं ठीक आहे गं. पण ती वरची आळी! मोठ्या घराण्याची माणसं, त्यांना वाडवडिलांची इज्जत. ते बोलणार. त्यांच्यापुढे आम्ही काय तोंड उघडणार?"

यनशिलचं बोट टॅबवर अधांतरीच राहिलं. वरच्या ओसरीवर ऐकलेलं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगणं म्हणजे या धंद्यात पाप. तिने पुढचीला हाक मारली. येछन-देक आली, तिनेही तेच सांगितलं आणि वर देसिक भांडी स्वतः घासतो ही माहिती पुरवली. शेवटी आन्दोंग-देक आली. तिने सातव्या प्रश्नाला फार विचार केला आणि म्हणाली, "मी विसाव्या वर्षी इथे आले. माणूस न बघता आले. साठीनंतर बघून, बोलून, शेवया खाऊन जी येते, ती माझ्यापेक्षा शहाणी. लिही तो तुझा जो चांगला नंबर असेल तो."

शेवयांचं हिने कुठून काढलं, असं यनशिलच्या मनात आलं. पण आजींना शेवया आवडत असतील, असं समजून तिने सोडून दिलं. माणूस स्वतःपुरता किती भाबडा असतो ते बघा.

काम संपलं तेव्हा चावडीत जेवणाची पानं मांडली जात होती. आंबवलेल्या सोयाची आमटी, भात, मुळ्याचं किमची. यनशिल बूट घालायला दाराशी वाकली. आन्दोंग-देक आमटी वाढत होती. पळी हातात तशीच धरून तिने मागे न बघता हाक मारली, "उम्ने-देक, न जेवता निघालीस कुठे?"

उम्ने म्हणजे बाजारगाव. उम्ने-देक म्हणजे बाजारगावाहून या गावात नांदायला आलेली बाई.

पानं मांडणारे हात थांबले. छंगसोंग-देकने आन्दोंग-देकच्या दंडाला चिमटा काढला. "चळलीये हो म्हातारी. काहीतरीच बडबडते."

"मी नाही चळले," आन्दोंग-देक रागावली. "हेच नाव ठरलं होतं ना?"

"ठरलं कुठे?" येछन-देकला राहवलं नाही. "मी तेव्हाच म्हणाले होते, माहेर धरायचं असतं. ही मूळची यंगदकची, समुद्राकडची. म्हणजे यंगदक-देक."

"यंगदक-देक होऊन गेली की एक, सरपंचाची आजी. तिच्या नावाने हाक मारलीस तर उठून येईल ती थडग्यातून. आणि आली तर ऐकणार आहेस का तू तिचं?" आन्दोंग-देक म्हणाली.

यनशिल एक बूट पायात, एक हातात, अशी दारात उभी होती. "मी यंगदकची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. छंगसोंग-देक म्हणाली, "शेवयावालीने. अगं बाई, आम्ही पण बाजाराला त्याच दुकानात जातो. तू भिंतीकडे तोंड करून बसतेस ना? वसंतापासून तुझी पाठ बघतोय आम्ही. पाठ चांगली आहे तुझी. ताठ."

"देसिकला माहीत आहे?"

"त्याला काय माहीत असणार? त्याला वाटतं, गावाला पत्ताच नाही. आम्ही ठरवलं होतं, कुणी तोंड उघडायचं नाही. घाबरून पळालीस म्हणजे? सकाळी तू टॅब घेऊन आलीस तेव्हा आम्हाला तर घाम फुटला. वाटलं, सरकारच चौकशीला पाठवतंय."

यनशिल जाजमाच्या कडेवर बसली. तिला हसू येत होतं, आणि हसताना डोळे भरून येत होते, आणि त्याचीही तिला लाज वाटत होती. आपण ज्या तोंडांची भीती घेऊन आठवडाभर झोपलो नाही, ती तोंडं आपल्याला नाव शोधत बसली होती. पण एवढ्यात तिच्यातली धंद्याची बाई जागी झाली आणि तिने टॅब मिटला. "म्हणजे आजची सगळी पाहणी बाद."

"बाद म्हणजे?"

"तुम्हाला मी कोण ते ठाऊक होतं. तोंडासमोर कुणी नाही कसं म्हणेल? अशी उत्तरं धरत नाहीत."

"म्हणजे आम्ही खोटं बोललो?" आन्दोंग-देकने पळी पातेल्यावर आपटली. "दुसरी कुणी पाठव. काळी पाठव, गोरी पाठव, तिलाही हेच सांगेन. मी एक नंबर दिला."

"मी पण एक," छंगसोंग-देक म्हणाली.

"आजी, सांगू नका, ते गुप्त असतं," यनशिल कानांवर हात ठेवत म्हणाली. पण आता कोण ऐकतंय?

"मी पण एक. आणि आम्ही काय कुणाला भीत नाही," येछन-देक दाराकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाली, कारण दारात सरपंच येऊन उभे होते. "तुमची वरची आळी काय बोलायचं ते बोलू दे."

"आमची आळी?" सरपंच जेवायला आले होते, त्यांचा चेहरा पडला. "आम्ही कधी काय बोललो? तुम्हाला घाबरून तर आम्ही सगळे गप्प आहोत."

"आम्हाला घाबरून?"

"मग कुणाला? देसिकचे दात चांगले आहेत हेसुद्धा आम्ही हिला कुजबुजून सांगितलं."

दोन्ही आळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आयुष्यभर शेजारी राहिलेली ही माणसं पहिल्यांदाच भेटल्यासारखी बघत होती. मग आन्दोंग-देकला हसू फुटलं, आणि तिला फुटलं तसं चावडीला फुटलं.

यनशिल बाहेर येऊन मिरच्यांच्या कडेला उभी राहिली आणि तिने मिनला फोन लावला. "सोलमेचं काम रद्द करा. दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल."

"का हो काकू? आता मुदत संपत आलीये. कारण काय लिहू?"

"नियम आहे ना. पाहणी करणाऱ्या बाईने स्वतःच्या गावात पाहणी करायची नाही."

"हो, पण तुम्ही तर बाजारगावात राहता."

यनशिलने मागे पाहिलं. चावडीच्या खिडकीला ओळीने तोंडं लागली होती आणि एकही तोंड बोलत नव्हतं. "आत्तापर्यंत राहत होते," ती म्हणाली. "आता हे माझं गाव."

पलीकडे मिनने घाई विसरून हळूच विचारलं, "काकू, खरंच?" आणि यनशिलने हो म्हटलं. तुम्हाला काय वाटतं, असं तिने विचारलं नाही.

खिडकीत एकच गलका झाला. आन्दोंग-देकला ऐकू कमी येतं, ती सगळ्यांना ढोसून विचारत होती, "काय म्हणाली? काय म्हणाली?" आणि सरपंच पळतच निघाले होते ते गावाच्या भोंग्याच्या खोलीकडे. कुणाचं वासरू हरवलं, कुणाच्या घरी सोयरे आले, सगळं त्या भोंग्यावरून सांगायची त्यांना भारी हौस. यनशिलच्या एकदम लक्षात आलं की ज्याने विचारलं त्याला सोडून सगळ्या गावाला उत्तर कळलंय.

"भोंगा लावू नका," ती ओरडली. "ते मी सांगणार." आणि साठीची बाई एका पायात बूट, दुसऱ्या पायात चावडीची रबरी चप्पल, अशी मिरच्यांच्या मधून मोठ्या रस्त्याकडे धावत सुटली.

देसिक परत आला होता. शेडमध्ये नांगरयंत्राखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. यनशिल धापा टाकत त्या पायांपाशी उभी राहिली. "मी येते," ती म्हणाली. "राहायला. लग्न करून."

आत पाना पडल्याचा आवाज झाला. देसिक सरपटत बाहेर आला, तोंडाला काळं तेल, केसांत माती. तो तिच्या पायांकडे बघत राहिला, एका बुटाकडे आणि एका चपलेकडे. ही थट्टा नाही याची खात्री पटेपर्यंत त्याने डोळ्यांची उघडझाप केली. मग उभा राहिला, तेलकट हात कुठे ठेवावेत ते न कळून दोन्ही बाजूंना धरले, आणि तरीही त्याने थट्टा सोडली नाही.

"आणि बाईसाहेब, लोक काय म्हणतील?"

"विचारून आले," यनशिल म्हणाली.